नगरचा तोफखाना ते इस्तंबूलचं तोपहाने

माझं माहेर नगरच्या तोफखान्यातलं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच. लहानपणी पत्ता सांगताना त्या नावात एक तोफ दडलेली आहे, हे मनातही यायचं नाही. पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागले आणि सहलीची मुलं घेऊन विजापूरला गेले. शेरझा बुरुजावर मुलुख मैदान तोफ आहे. तोंड सिंहाच्या जबड्याचं, त्यात सापडलेला हत्ती, आणि वजन सुमारे 55 टन. मुलांना म्हटलं, ही आपल्या गावची. 1549 साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, ती नगरला ओतली. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच आहे: महंमद बिन हसन रूमी.

रूमी म्हणजे रूमचा. रूम हा पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा मुलूख, जो पुढे उस्मानी तुर्कांच्या हाती गेला. तुर्कस्तानातल्या कोन्याचे सूफी कवी मौलाना रूमी, त्यांच्या नावातला रूमी तोच. ते नाव माझ्या डोक्यात वीस वर्षं बसून होतं. निवृत्तीनंतर हातात वेळ आला, तेव्हा ठरवलं की या माणसाचा देश बघायचा.

इस्तंबूलला जाणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. टी-वन ही ट्राम धरा. प्रवासाच्या इस्तंबूलकार्डात पैसे भरून घ्या आणि बसा. तोपहाने, एमिनोनू, सुलतानअहमद, बेयाझित आणि पुढे शहराच्या जुन्या तटाजवळचं तोपकापी, सगळं या एकाच रुळावर आहे. तोपहाने म्हणजे आपला तोफखाना. तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. तुर्कीत तोफेला 'तोप' म्हणतात, आणि आपली तोफ त्यांच्याकडूनच आली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी तोफ आपल्या बोलण्यातून हलली नाही.

आया सोफिया आणि निळ्या मशिदीवर पुष्कळांनी लिहिलंय, मी फार लिहीत नाही. 537 साली पुऱ्या झालेल्या आया सोफियाचा घुमट डोक्यावर आला की माणूस बोलायचं थांबतो, एवढंच. माझं मन तोपहानेकडे लागलं होतं.

स्टॉपवर उतरलं की एका हाताला किलिच अली पाशाची मशीद दिसते. वास्तुकार सिनान याने म्हातारपणी, 1580 च्या सुमारास बांधलेली. जवळच 1732 चा संगमरवरी पाणपोईचा चौथरा आहे, अंगभर फळाफुलांची नक्षी असलेला. रस्ता ओलांडून थोडं वर गेलं की पाच घुमटांची दगडी इमारत लागते. हाच तोफा ओतायचा कारखाना. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे तेव्हाचं इस्तंबूल, जिंकल्यावर उस्मानी सुलतान मेहमेद दुसऱ्याने इथे ओतशाळा घातली. आजची इमारत अठराव्या शतकातली आहे आणि तिथे कलाविद्यापीठाची प्रदर्शनं भरतात. मी गेले तेव्हा आत चित्रं लावलेली होती. बघणारे चित्रं बघत होते आणि मी वरचे घुमट.

सतराव्या शतकातल्या एव्लिया चेलेबी या इस्तंबूलकर प्रवाशाने इथलं ओतकाम लिहून ठेवलंय. भट्टीत धातू वितळून पाणी झाला की वजीर आणि शेख यांना बोलावणं जायचं. सगळे मिळून दुआ मागायचे. मग वजीर त्या उकळत्या धातूत सोन्याचांदीची नाणी टाकायचे. मेंढ्यांचे बळी दिले जायचे. वाचलेलं आठवून मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नगरला 1549 मध्ये मुलुख मैदानच्या साच्यात धातू सोडताना महंमद बिन हसनने काय म्हटलं असेल? त्याच्याभोवती कोण उभे असतील? भाते ओढणारे, कोळसा वाहणारे, माती कालवणारे हात तर आमच्याच मातीतले असणार.

बाहेर एका चहाच्या टपरीवर बसले. ट्यूलिपच्या कळीसारखा, कमरेत बारीक पेला. दूध नाही, बशीत साखरेचे दोन खडे. शेजारी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ होते. मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने आमचं बोलणं चाललं. मी त्यांना तोफेवरच्या लेखाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, फोटो मोठा केला आणि मान हलवली. वाचता येत नव्हतं. तुर्कस्तानने 1928 मध्ये जुनी अरबी लिपी सोडून रोमन अक्षरं घेतली. समोरच्या पाणपोईवरचा लेखही त्यांना चित्रासारखाच दिसतो, असं ते म्हणाले. मी मोडीबद्दल सांगितलं. माझ्या आजोबांच्या हातची खतं घरात आहेत आणि आम्हा भावंडांपैकी एकालाही वाचता येत नाहीत. ते काही न बोलता उठले आणि माझ्यासाठी दुसरा चहा घेऊन आले. पैसे देऊ दिले नाहीत. वर 'तेयझे' म्हणाले. तेयझे म्हणजे मावशी. ओळखदेख नसलेल्या बाईला मावशी म्हणायची रीत तिथेही आहे.

शब्द असे जागोजागी भेटत राहिले. हॉटेलात बिल मागायचं तर 'हेसाप', आपला हिशेब. वही म्हणजे 'देफ्तर'. दुकान म्हणजे 'दुक्कान'. कापली चार्शी, म्हणजे छप्पर असलेल्या मोठ्या बाजाराकडून एमिनोनूकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत पाठीवर गाठोड्यांचा डोंगर घेतलेला माणूस दिसला, तर त्याला म्हणतात हमाल. अगदी हमालच. पाठीवर त्याने खोगिरासारखी गादी बांधलेली असते, तिला 'सेमेर' म्हणतात, आणि ओझं तिच्यावर टेकतं. काम करणाऱ्याजवळून जाताना लोक 'कोलाय गेलसिन' म्हणतात. काम सोपं जावो, असा त्याचा अर्थ. हे मला फार आवडलं. आपल्याकडे रस्त्यात घाम गाळणाऱ्याला म्हणायला असं एखादं वाक्य असायला हवं होतं.

हार्बिये भागातल्या सैनिकी संग्रहालयात मेहतेर, म्हणजे उस्मानी फौजेचा वाद्यवृंद ऐकला. झुर्ना, झांजा, मोठे ढोल आणि 'नक्कारे'. नक्कारे ऐकल्याबरोबर जेजुरीचा नगारखाना डोळ्यांपुढे आला. त्यांच्या वादनालाही 'नेव्बेत' म्हणतात, आपली नौबत.

शेवटच्या दिवशी ट्रामने तोपकापीला गेले. पाचव्या शतकात रोमन सम्राट थिओडोसियस दुसऱ्याच्या काळात बांधलेला दुहेरी तट इथे आहे आणि पुढे खंदक. हजार वर्षं या तटाने शहर राखलं. 1453 च्या एप्रिलमध्ये मेहमेद आला तो ऑर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने एदिर्नेला ओतलेली प्रचंड तोफ घेऊन. ती ओढायला साठ बैल लागल्याचं सांगतात. मुलुख मैदान बुरुजावर चढवायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं विजापूरला सांगतात, ते आठवलं. ऑर्बानची तोफ एकदा उडाली की तापायची, म्हणून दिवसाकाठी मोजकेच बार व्हायचे. रात्री शहरातले लोक पडझड लाकडांनी आणि मातीच्या पोत्यांनी बुजवायचे. असे 53 दिवस. 29 मे रोजी शहर पडलं. तट काही ठिकाणी नव्याने बांधून काढलाय, काही ठिकाणी तसाच ढासळलेला आहे. मला ढासळलेलाच जास्त खरा वाटला. विटांच्या पट्ट्यांमधून अंजिराची झाडं उगवली होती.

तटाच्या कडेने समुद्राच्या दिशेने चालत राहिले. येदिकुलेच्या बाजूला जुन्या खंदकात चक्क भाजीचे वाफे आहेत. शतकानुशतकं तिथे भाजी पिकते, येदिकुलेचा सॅलडचा पाला तर नावाजलेला. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई जुड्या बांधत होती. मी 'कोलाय गेलसिन' म्हटलं. ती हसली आणि कुठली म्हणून विचारलं. 'हिंदिस्तान' म्हटलं, आणि मोबाइलवर मुलुख मैदानचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. सिंहाच्या जबड्यावर तिने मातीचं बोट ठेवलं.

"तोप," ती म्हणाली.

"तोफ," मी म्हटलं.

तिचा सातआठ वर्षांचा मुलगा तटाच्या भिंतीवर चेंडू आपटत होता. 'तोप' ऐकून तो धावत आला आणि दोन्ही हातांनी चेंडू माझ्यापुढे धरला. तुर्कीत चेंडूलाही तोपच म्हणतात. मी पिशवी खाली ठेवली आणि चेंडू झेलायला हात पुढे केले.