रजिस्टरवाले अंकल

मंगळवार, रात्री उशिरा

साडेतीनशे रुपये. गेल्या महिन्याचे. संध्याकाळपासून हा आकडा डोक्यात घोळतोय, बातम्या लावून बसलो तरी जात नाही.

झालं ते एवढंच. भाजीची पिशवी घेऊन गेटवर आलो, नेहमीप्रमाणे यंत्राकडे पाठ केली आणि रजिस्टर मागितलं. वॉचमनने रजिस्टर दिलं, पेन दिलं आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "अंकल, बुरा मत मानना, आपकी एंट्री का मेरा कटता है." हाताने गेट उघडलं की एजन्सीवाल्याच्या मोबाइलवर ते दिसतं म्हणे. कामात ढिलाई. महिनाअखेरीला हिशेब. आधी का नाही बोललास, विचारलं तर हसला. "आप तो मीटिंग में इतना बड़ा भाषण दिए थे."

दिलं होतं. चेहरा ओळखणारं यंत्र बसवायच्या ठरावाला अख्ख्या टॉवरमधून माझा एकट्याचा विरोध. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या २०२३च्या अहवालाची पानं झेरॉक्स करून नेली होती. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहरात इस्रायली लष्कराच्या नाक्यांवर 'रेड वुल्फ' नावाची यंत्रणा पॅलेस्टिनी माणसांचे चेहरे त्यांना न विचारता टिपते आणि कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवते, हे समजावून सांगितलं. तिथून गाडी 'प्रोजेक्ट निंबस'वर. गूगल आणि अॅमेझॉनने २०२१मध्ये इस्रायल सरकारशी केलेला क्लाउड सेवांचा १२० कोटी डॉलरचा करार, त्याविरुद्ध ऑफिसात ठिय्या मारणाऱ्यांना गूगलने २०२४च्या एप्रिलात दाखवलेला घरचा रस्ता. मी रंगात आलो होतो. सेक्रेटरी म्हणाले, "काका, हे हेब्रॉन ए विंगला की बी विंगला?" हशा. मग पार्किंगचा विषय निघाला.

त्या हशाचा राग मी तीन महिने पोसला. चेहरा न दिलेला मी एकटा, हे भाच्याला सांगितलं, दादरला जुन्या मंडळींना चहावर दोनदा सांगितलं. एकाने तर "शाबास कॉम्रेड" म्हणून पाठ थोपटली. तीन महिने. म्हणजे हजाराच्या आसपास गेले असतील त्याचे.

बारा तासांची पाळी करतो तो. रविवारी दिसतो, दिवाळीत दिसतो, तापातही दिसला होता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी याच मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० रोजी. दर वर्षी त्या तारखेला मी न चुकता फेसबुकवर लिहितो. सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१चा कायदा आहे, मंडळ आहे, तेही मला पाठ आहे. सभेत ते बोललो असतो तर कोणी हसलं नसतं. मेंटेनन्स वाढेल म्हणून अंगावर धावून आले असते, पण हसले नसते. हेब्रॉनमुळे कोणाचा मेंटेनन्स वाढत नाही. माझाही नाही.

अप्पाही ८२च्या संपानंतर वरळीला एका बिल्डिंगच्या गेटवर... ते आज नको.

आणखी एक लिहून टाकतो, नाहीतर झोप यायची नाही. त्याचा धाकटा भाऊ इस्रायलला आहे, सळया बांधायच्या कामावर. ऑक्टोबर २०२३नंतर पॅलेस्टिनी मजुरांना तिथे कामावर येणं बंद केलं आणि त्यांच्या जागी माणसं हवी म्हणून २०२४च्या जानेवारीत लखनौच्या आयटीआयबाहेर रांगा लागल्या. महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार. त्या रांगेत हा भाऊ होता. वॉचमनने मला एकदा विचारलंन, अंकल, पुढची भरती कधी, तुम्ही तर पेपर वाचता. मी तेव्हा आझाद मैदानावरून गाझासाठी घोषणा देऊन परतत होतो, घसा बसलेला. बघतो म्हणालो. आणि बघितलं की! बेडरूमचं दार लोटून, हिला कळू न देता, त्या सरकारी साइटवर.

आझाद मैदानावरच्या त्या निदर्शनांची परवानगीही सुखासुखी मिळाली नव्हती. २०२५च्या जुलैत माकपची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली आणि वर सुनावलं, की लांबच्या देशांचं काय घेऊन बसलात, आपल्याकडचा कचरा, गटारं, पूर बघा, देशभक्त व्हा. तेव्हा चरफडलो होतो. अजूनही ते चूकच वाटतं. पण आज गेटवर उभा असताना नेमकं तेच वाक्य आठवावं, याचा भयंकर संताप आला. कोणावर, ते कळेना.

हिला सगळं सांगितलं. तिने कांदा चिरता चिरता एकच विचारलं, "अहो, पण तुमचा मोबाइल कशाने उघडता?"

चेहऱ्याने. दोन वर्षं झाली.

मग मात्र हसू आलं. साडेनऊला खाली जाऊन चेहरा देऊन आलो. यंत्राने तीनदा नाकारला. चष्मा काढा, मान वर, उजेडात या. वॉचमनने खांदे धरून मला सरळ उभं केलं, लग्नाच्या फोटोतही इतकं कोणी केलं नव्हतं. चौथ्यांदा घेतला. फोटोत पकडलेल्या खिसेकापूसारखा दिसतोय, हे तंत्रज्ञान वाटतं तितकं चुकीचं नसावं.

साडेतीनशे रुपये खिशात घालून नेले होते. द्यायला हात पुढे होईना. दिले तर बक्षिसी दिल्यासारखं होतं. तसेच परत आणले, टेबलावर पेपरवेटखाली आहेत.

सेक्रेटरींना पत्र लिहायला घेतलंय. विषय : सुरक्षा रक्षकांची पाळी, साप्ताहिक सुट्टी व पगारातील कपात. दुसऱ्याच ओळीत हेब्रॉन आलं. खोडलं.