सत्तरीची थंडी, हरितगृहाचा हीटर आणि विजेचा अर्ज : माझा अनुभव

गोव्यात ऑर्किडसाठी हिवाळ्यात हीटर लावावा लागतो, हे किनारपट्टीवर राहणाऱ्यांना सहसा पटत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा २० अंशांच्या आसपासच असतो. आमचे घर मात्र सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडे आहे. निरभ्र रात्री डोंगरावरची थंड हवा खाली उतरून आमच्या बागायतीत साचते, आणि माझ्या हरितगृहातील तापमापकाने पहाटे १४ अंशही दाखवले आहेत. आमच्या फणसाच्या खोडावरील सीतेच्या वेणीला, म्हणजे रानातल्या ऑर्किडला, या थंडीचे काहीही वाटत नाही; ती इथलीच आहे. प्रश्न येतो तो फॅलेनॉप्सिस या हौसेने लावलेल्या ऑर्किडचा. फुलांचा दांडा धरण्यासाठी या झाडाला काही आठवडे गारवा हवा असतो, त्यामुळे रात्रीचे १७-१८ अंश त्याला हितकारकच ठरतात; परंतु तापमान अनेक रात्री १५ च्या खाली राहिले, की कळ्या देठाशी पिवळ्या पडतात आणि बोटाचा स्पर्श होताच गळतात.

माझे हरितगृह १० बाय १२ फुटांचे, ८ फूट उंचीचे, लोखंडी पाइपांवर प्लॅस्टिक कागद ताणून केलेले आहे. अशा एकेरी कागदातून दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकाला, साधारण ६ ते ७ वॅट उष्णता बाहेर जाते. भिंती आणि छप्पर मिळून सुमारे ४४ चौरस मीटर भरतात. आत बाहेरच्यापेक्षा ५ अंश जास्त राखायचे, तर १,४०० वॅटच्या आसपास उष्णता सतत पुरवावी लागते. म्हणून मी २ किलोवॅटचा, ओलाव्यात वापरण्याजोगा, पंख्याचा हीटर निवडला. इथपर्यंतचे काम एका संध्याकाळी कागदावर झाले. पुढचे सारे अडले ते वीज कार्यालयात, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजूनही पूर्णपणे गेलेला नाही.

आमच्या जुन्या घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज, ३ किलोवॅटची होती. त्यावर गिझर आणि विहिरीचा पंप आधीच चालत असताना आणखी २ किलोवॅट टाकणे मला योग्य वाटले नाही, म्हणून दसऱ्यानंतर मी रीतसर चौकशीला गेले. खिडकीवर सांगण्यात आले, की शेड घरापासून वेगळी आहे, तेव्हा शेडसाठी स्वतंत्र जोडणीचा अर्ज करावा लागेल. मी तसा अर्ज भरला. त्यासोबत जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना हरकत दाखला आणि परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागण्यात आला. उताऱ्यावर माझ्या दिवंगत सासऱ्यांचे आणि त्यांच्या भावांचे नाव आहे, जसे ते गोव्यातील असंख्य कुटुंबांच्या उताऱ्यावर असते. त्यामुळे सर्व हिस्सेदारांचे संमतिपत्र हवे झाले, आणि त्यांतील एक दीर मुंबईत राहतात. ते पत्र टपालाने आले तोवर तुळशीचे लग्न होऊन गेले होते.

ते पत्र घेऊन मी पंचायतीत गेले. तेथील सचिवांनी सौजन्याने, पण ठामपणे सांगितले, की ज्याला पाया नाही, भिंत नाही आणि घर क्रमांक नाही, अशा प्लॅस्टिकच्या मांडवाला पंचायत ना हरकत दाखला देत नाही. त्यांचे म्हणणे मला समजले. मात्र तेच म्हणणे मी वीज कार्यालयात सांगितले, तेव्हा दाखल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या नियमाने बोलत होती, आणि त्या दोन नियमांच्या मध्ये माझा अर्ज पडून राहिला.

त्यातच वर्गवारीचा वाद सुरू झाला. एका कारकुनाचे मत पडले, की झाडे म्हणजे शेती, तेव्हा कृषी कार्ड आणा. पुढच्या खेपेला दुसऱ्याने सांगितले, "बाई, नर्सरी व्यापारी वर्गात जाते." मी एकही रोप विकत नाही, ही माझ्या घरच्या आवारातील हौसेची बाग आहे, हे मी दोघांनाही सांगितले, परंतु हौस या गोष्टीसाठी अर्जात रकाना नव्हता. ज्यांनी निर्णय द्यायचा ते अभियंते साइटवर गेलेले असत, आणि फाइल त्यांच्या टेबलावर असे. हे सर्व अगदी सभ्य भाषेत चालले होते, म्हणूनच ते अधिक थकवणारे होते. थंडी कोणासाठी थांबत नाही, ही गोष्ट त्या खिडकीपलीकडे पोहोचवण्याचा कोणताही मार्ग मला सापडला नाही.

डिसेंबर लागला आणि रात्रीचा पारा उतरू लागला. मी दररोज संध्याकाळी कळ्या आलेल्या कुंड्या घरातील दिवाणखान्यात आणून ठेवू लागले. तेथे तुळईला पिकत घातलेला केळ्यांचा घड टांगलेला होता, तो मी आधी माडीवर हलवला, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही ऑर्किडच्या कळ्या गाळतो. याच कारणाने शेजारच्या काकांचा सल्ला मी मानला नाही. विजेची वाट पाहत बसण्यापेक्षा कोळशाची शेगडी पेटवून हरितगृहात ठेव, असे ते मायेने सांगत होते. बंद जागेत कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जाळले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पहाटे कुंड्या पाहायला आत गेलेल्या माणसाला काही कळण्याआधीच तो बेशुद्ध करू शकतो. शिवाय त्याच धुरात इथिलीनही असते, म्हणजे माणसाला धोका आणि फुलांचाही नाश. धुराडे नसलेली कोणतीही ज्योत हरितगृहात नेऊ नये, याबाबत मी जराही सवलत देणार नाही.

अखेर माझ्या लेखी विनंतीवरून एक कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष पाहणीला आले. त्यांनी हरितगृहाला फेरी मारली, घराचा मीटर पाहिला आणि विचारले, "आवार एकच ना? मीटर तुमच्याच घराचा ना?" मी हो म्हणताच त्यांनी सांगितले, की यात नवीन जोडणीचा प्रश्नच येत नाही, घराच्याच जोडणीचा मंजूर भार वाढवून घ्यायचा आणि हरितगृह हे घराच्या वायरिंगमधील एक स्वतंत्र सर्किट म्हणून टेस्ट रिपोर्टमध्ये दाखवायचे. त्या अर्जाला ना पंचायतीचा दाखला लागला, ना मुंबईचे संमतिपत्र. हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी खिडकीवर विचारला गेला असता, तर डिसेंबरचा पूर्वार्ध माझ्या झाडांनी दिवाणखान्यात काढला नसता. त्या अभियंत्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेबद्दल नाही.

भार वाढल्यावरचे काम झपाट्याने झाले, एक अर्थिंग सोडून. आमची जमीन चिऱ्याची आहे. पावसाळ्यात ती ओली असते, पण डिसेंबरात वरचा थर कोरडा खडखडीत होतो आणि विजेला वाट देत नाही. वायरमनने अर्थिंग मोजायचा मीटर लावला तेव्हा जुन्या अर्थिंगचा रोध १२ ओहमच्या जवळ आला. त्याने नवीन खड्डा खणून त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, नरसाळ्यातून बादलीभर पाणी हळूहळू सोडले, आणि मग आम्ही दोघे त्या मीटरकडे पाहत उभे राहिलो. आकडा उतरत उतरत ५ च्या खाली आला. तेव्हापासून दर आठवड्याला त्या खड्ड्यात पाणी घालणे हे माझ्या झाडांच्या पाण्याइतकेच नेमाचे काम आहे. अर्थिंग कमजोर असेल, तर हीटरमध्ये गळती झाली तरी साधा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला पडणारा स्विच, पडत नाही, कारण तेवढा प्रवाहच वाहत नाही. म्हणून त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडी गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर आपण वावरतो, तेथे जीव वाचवणारे उपकरण तेच आहे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तापमानानुसार हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बाजारातील लहान डिजिटल थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे आतला स्विच, बहुधा १० अँपिअरचा असतो, आणि २ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. रात्रभर असे चालू-बंद होत राहिल्यास रिलेचे टोक चिकटते आणि हीटर बंदच होत नाही. यासाठी थर्मोस्टॅटने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने हीटर. शिवाय ३० अंशांना पुरवठा तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट जोडावा. संवेदक झाडांच्या उंचीवर, सावलीत आणि हीटरच्या झोतापासून दूर टांगावा. थर्मोस्टॅट मी १७ अंशांवर ठेवते.

हीटर प्लॅस्टिक कागदापासून आणि शेडनेटपासून किमान एक मीटर दूर, जमिनीपासून उंच, घट्ट बसवलेला असावा. नारळाची वाळलेली सोडणे आणि सुके शेवाळ हे दोन्ही लवकर पेट घेतात, त्यामुळे त्यांची पोती आत ठेवू नयेत. एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नये. घरापासून आमची केबल ४ चौरस मिलिमीटरची, चिलखती आणि जमिनीखालून नेलेली आहे, कारण बागायतीत घुशी फार.

हवा तापली की कोरडी होते, हेही लक्षात घ्यावे : १५ अंशांना ९५ टक्के आर्द्रता असलेली हवा १९ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ७४ टक्क्यांच्या आसपास येते. ऑर्किडला ती पुरते, आणि पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके येणेही कमी होते. मात्र पाणी सकाळीच घालावे, म्हणजे रात्रीपूर्वी पानांचा गाभा कोरडा होतो. हवा फिरवणारा लहान पंखा रात्रभर चालू ठेवावा.

आधी सांगायला हवे होते ते असे, की हीटरवरचा भार कमी करण्याचे उपाय प्रथम करावेत. मी आतून फुगेवाल्या प्लॅस्टिकचा दुसरा थर लावला, आणि पाण्याने भरलेली २०० लिटरची काळी पिंपे उन्हाच्या बाजूला ठेवली. असे एक पिंप रात्रीत ५ अंशांनी थंड होताना एका युनिटहून थोडी अधिक उष्णता परत देते, आणि तिचे बिल येत नाही.

अर्ज करायचा असेल त्यांनी तो चतुर्थी आटोपताच द्यावा, थंडीची वाट पाहू नये. अर्जात 'शेड' हा शब्द घालू नये. 'माझ्या राहत्या घराच्या विद्यमान घरगुती जोडणीचा मंजूर भार ३ किलोवॅटवरून ५ किलोवॅट करावा. वाढीव भार त्याच आवारातील बागेच्या सर्किटसाठी असून कोणताही व्यवसाय केला जात नाही', एवढेच लिहावे, सोबत टेस्ट रिपोर्ट जोडावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.