खासगीत बोलणाऱ्या संघमालकाला लीगने दंड का करावा

ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराला लागून असलेल्या चँडलर या उपनगरात आपल्याकडची बरीच मंडळी स्थायिक झालेली आहेत आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांकडे जेवायला जाणे हा इथला नेम आहे. मागच्या महिन्यात अशाच एका घरी जेवणे आटोपल्यावर बोलणे भाड्याच्या घरांकडे वळले. तीन घरे विकत घेऊन ती भाड्याने देणारे, चांगले शिकलेले एक गृहस्थ म्हणाले की कृष्णवर्णीय कुटुंबाचा अर्ज आला की ते काहीतरी कारण सांगून तो परत पाठवतात. मी तिथेच हरकत घेतली आणि 1968 पासून या देशात हा कायद्याचा भंग ठरतो, हेही सांगितले. त्यावर यजमान मध्ये पडले आणि म्हणाले, "जाऊ द्या ताई, घरातले बोलणे आहे, ते घरातच राहू द्या."

ही सबब या शहरात मी आधीही ऐकली होती. इथल्या फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्यावर 2022 मध्ये वंशद्वेषी उद्गारांवरून कारवाई झाली, तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण त्यांच्या बाजूने हेच बोलत होते. खासगीत किंवा आपल्या माणसांत काढलेल्या वंशद्वेषी उद्गारांसाठी लीगने, म्हणजे संघांची स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, संघमालकाला शिक्षा करावी की नाही, या प्रश्नावर माझे मत पक्के आहे: करावी. मात्र ती कशी करावी, याबाबत अमेरिकेचे अनुकरण डोळे झाकून करू नये, असेही मला वाटते.

या विषयातले सर्वांत मोठे प्रकरण 2014 चे आहे. लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांनी एका मैत्रिणीशी घरात केलेल्या बोलण्याची ध्वनिफीत 25 एप्रिल रोजी बाहेर आली. तिने कृष्णवर्णीयांबरोबरची छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत आणि त्यांना आपल्या सामन्यांना आणू नये, असे ते तिला सांगत होते, आणि हा आक्षेप मॅजिक जॉन्सनसारख्या थोर खेळाडूबरोबरच्या छायाचित्रावरही होता. ज्या संघाचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, ज्याचा प्रशिक्षक डॉक रिव्हर्स कृष्णवर्णीय, त्या संघाच्या मालकाचे हे शब्द होते. 27 एप्रिलला गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सामन्याआधी क्लिपर्सच्या खेळाडूंनी सरावाचे अंगरखे मैदानाच्या मध्यभागी काढून टाकले आणि संघाचे नाव दिसू नये म्हणून आतले सदरे उलटे घालून सराव केला. सामना सोडला असता तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती, आणि काहीच केले नसते तर आरशासमोर उभे राहणे अवघड झाले असते. त्या मुलांनी एक शब्दही न बोलता जे दाखवून दिले, त्याचे मोल मला अजूनही फार वाटते. 29 एप्रिलला, म्हणजे ध्वनिफीत बाहेर आल्यापासून चौथ्या दिवशी, एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंग यांच्यावर तहहयात बंदी घातली, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त असलेला 25 लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि संघ विकायला लावण्यासाठी इतर मालकांकडे तीन चतुर्थांश मते मागण्याचे जाहीर केले.

परभणीला माझे मामा आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय त्यांनीच मला लावली. चँडलरचा प्रसंग फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी स्टर्लिंग प्रकरणाचाच धागा पकडला. "हे बघ बाळ, त्या माणसाचे विचार घाणेरडे आहेत, हे मला मान्य. पण त्याचे बोलणे चोरून टिपले गेले. उद्या तुझ्या-माझ्या घरातले बोलणे असेच चव्हाट्यावर आले तर? न्यायाला काही वाट असते की नाही?" मामांचा आक्षेप पोकळ नाही. कॅलिफोर्निया राज्यात गोपनीय संभाषण सर्व पक्षांच्या संमतीशिवाय टिपणे हा गुन्हा आहे. डॅलस मॅव्हरिक्स या दुसऱ्या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनीही स्टर्लिंग यांचे उद्गार किळसवाणे असल्याचे सांगतानाच, लोकांच्या खासगी बोलण्यावरून मालमत्ता काढून घेण्याचा पायंडा घातक ठरेल, अशी भीती बोलून दाखवली होती.

तरीही मामांना मी जे सांगितले, ते इथे मांडते. कायद्याची शिक्षा वेगळी आणि लीगची वेगळी. अमेरिकेच्या राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारला बांधते; एनबीए ही संघमालकांनीच मिळून चालवलेली खासगी संस्था आहे, आणि तिच्यात येताना प्रत्येक मालक तिचे नियम सही करून स्वीकारतो. स्टर्लिंग यांना कोणी तुरुंगात टाकले नाही, त्यांचे मत बदलायला लावले नाही, त्यांचे घर घेतले नाही. ज्या भागीदारीत ते स्वखुशीने आले, तिच्यातल्या भागीदारांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष घरी बसून अमुक समाजाच्या शेतकऱ्यांबद्दल तुच्छतेने बोलत असेल आणि तोडीची पाळी ठरवण्याचा अधिकार त्याच्याच हाती असेल, तर त्या समाजातला सभासद त्याचे घरातले बोलणे खासगी मानून स्वस्थ राहील का? कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, कोणाला किती द्यायचे, हे ज्याच्या तोंडच्या शब्दावर ठरते, त्याच्या मनातला द्वेष हा इतरांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. म्हणून हा दंड मालकांना हवाच, पण तो संघाच्या माणसांपुरताच असावा. सामन्याचे तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाच्या घरात डोकावण्याचा अधिकार लीगला नाही आणि नसावाही.

आपल्या कायद्याकडे पाहिले की मला अभिमान वाटतो, आणि इथल्या सहकाऱ्यांनी जातीचा विषय काढून मला गप्प करण्याचा प्रयत्न केला की मी तो अभिमान लपवत नाही. अस्पृश्यता आपल्या संविधानाने 1950 मध्येच, सतराव्या कलमाने, नष्ट केली. अमेरिकेला नागरी हक्कांचा कायदा करायला 1964 उजाडावे लागले. जातीवरून केलेला अपमान आपल्याकडे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने फौजदारी गुन्हा ठरतो. इथे वंशावरून दिलेली नुसती शिवी हा गुन्हा नाही. मात्र आपल्या कायद्यानेही एक रेषा आखली आहे. अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो, आणि हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या 2020 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी साक्षीला नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे सांगितले. माणसाला कैद करण्याची ताकद ज्या कायद्यात आहे, त्याने चार भिंतींपाशी थांबणे मी समजू शकते. लीगने मात्र तिथेच थांबावे, असे त्यावरून ठरत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मात्र लीगच्या अधिकारालाही तीच रेषा लावली. विगन ॲथलेटिकचे मालक डेव्ह व्हेलन यांनी 2014 मध्ये वृत्तपत्राच्या मुलाखतीत ज्यू आणि चिनी लोकांबद्दल अपमानकारक उद्गार काढले, तेव्हा त्यांना सहा आठवड्यांची बंदी आणि 50,000 पौंड दंड झाला. उलट कार्डिफ सिटीचे माजी व्यवस्थापक मॅल्की मॅके यांचे वंशद्वेषी मोबाइल संदेश उघड झाले, तेव्हा ते खासगीपणाच्या अपेक्षेने पाठवले होते, म्हणून 2015 मध्ये संघटनेने कारवाई केली नाही. ही विभागणी वरवर नीटनेटकी दिसते, पण ज्यांच्याबद्दल ते लिहिले गेले, त्या माणसांना तिच्यात जागाच नाही. ते संदेश वाचल्यानंतर त्या समाजातल्या खेळाडूने अशा व्यवस्थापकाच्या निवडीवर विश्वास कसा ठेवायचा, याचे उत्तर त्या निर्णयातून मिळत नाही.

आता मला खरोखर अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. स्टर्लिंग हे लॉस एंजेलिसमधील हजारो भाड्याच्या घरांचे मालक होते. कृष्णवर्णीयांना आणि मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय विभागाने 2006 मध्ये त्यांच्यावर दावा लावला, आणि 2009 मध्ये त्यांनी आरोप मान्य न करता सुमारे 27 लाख डॉलर देऊन तो मिटवला. हे सगळे वर्तमानपत्रांत छापून आले होते. एनबीएने तेव्हा काहीही केले नाही. स्टर्लिंग संघाचे मालक राहिले आणि पुढची पाच वर्षे सामन्यांना पहिल्या रांगेत बसत राहिले. म्हणजे घर नाकारल्याच्या आरोपाकडे लीगने पाहिलेही नाही आणि बोलण्याची मात्र चार दिवसांत जबर किंमत वसूल केली, कारण बोलण्याची ध्वनिफीत होती, प्रायोजक पाठ फिरवत होते आणि खेळाडू सामन्यावर बहिष्कार टाकण्याच्या बेतात होते. घर नाकारले गेलेल्या कुटुंबांजवळ यातले काहीच नव्हते.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लातूरला शिकवणीसाठी किंवा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात शिकायला गेलेल्या मुलाला खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणारे घरमालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 1978 मध्ये झाला, तेव्हा आपल्या भागात गावोगावी दलितांची घरे जाळली गेली, आणि ते नाव प्रत्यक्ष लागायला 14 जानेवारी 1994 हा दिवस यावा लागला. मामांनी तो काळ शिक्षक म्हणून पाहिला आहे. ओसरीवर बसून वर्षानुवर्षे जे बोलले जात होते तेच त्या दिवसांत रस्त्यावर उतरले, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितले होते आणि फोनवर मी त्यांना त्याची आठवण करून दिली. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुझे खरे आहे, पण मग आधी घर नाकारणाऱ्याला धरा." इथे माझे आणि मामांचे पूर्ण एकमत आहे.

दुसरी अस्वस्थ करणारी गोष्ट पैशांची आहे. स्टर्लिंग यांनी 1981 मध्ये सुमारे 1 कोटी 25 लाख डॉलरला घेतलेला संघ 2014 मध्ये स्टीव्ह बाल्मर यांनी 2 अब्ज डॉलरला विकत घेतला. सार्व्हर यांनी 2004 मध्ये सुमारे 40 कोटी डॉलरला घेतलेल्या सन्सची किंमत मॅट इश्बिया यांच्याशी झालेल्या व्यवहारात 4 अब्ज डॉलर धरली गेली. ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या घरी एवढी संपत्ती आली आणि ज्यांचा अपमान झाला त्यांच्या हाती काही आले नाही. सक्तीने विक्री झालीच, तर नफ्याचा ठरावीक वाटा अन्याय झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि शहरातल्या गरजू वस्त्यांसाठी ठेवला जावा, असा नियम लीगच्या घटनेत का असू नये?

चौकशीच्या बाबतीत मात्र सार्व्हर प्रकरण स्टर्लिंग प्रकरणापेक्षा सरस ठरले. लीगने बाहेरच्या वकील संस्थेकडून चौकशी करवून घेतली, 320 जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि अहवाल लोकांसमोर ठेवला गेला. इतरांचे बोलणे सांगताना कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत हीन शब्द सार्व्हर यांनी किमान पाच वेळा उच्चारला आणि महिला कर्मचाऱ्यांशी ते अन्यायाने वागले, असे त्यात नोंदवले गेले. शिक्षा झाली ती एक वर्षाची बंदी आणि 1 कोटी डॉलर दंड. नामवंत बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्ससह अनेकांनी ती अपुरी असल्याचे उघडपणे सांगितले, गणवेशावर नाव असलेल्या प्रायोजकाने सार्व्हर राहिले तर करार पुढे न नेण्याचे जाहीर केले आणि आठवड्याभरात त्यांनी संघ विकायला काढला. लीगचा निर्णय कमी पडला, पण त्याआधीची चौकशी कमी पडली नाही. आडून मिळालेल्या ध्वनिफितीच्या भरवशावर राहण्याची गरज या मार्गाने उरत नाही, म्हणून मामांच्या आक्षेपाला मला यापेक्षा चांगले उत्तर सुचत नाही.

आयपीएलमध्येही मालकांना जाब विचारण्याची परंपरा आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणात लोढा समितीने 2015 मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी बाहेर ठेवले होते, आणि एवढी कठोर शिक्षा आपल्या देशात दिली गेली याचा मला आनंद आहे. पण सनरायझर्स हैदराबादमध्ये असताना आपल्या रंगावरून हाक मारली जात होती, असे डॅरेन सॅमीने 2020 मध्ये सांगितले, तेव्हा पुढे एका सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर तो शब्द प्रेमाने वापरला गेला होता, असे त्यानेच स्पष्ट केले आणि विषय मागे पडला. मालक, प्रशिक्षक आणि खेळाडू या सर्वांना लागू होईल, जात आणि रंग या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करील, खासगी बोलणे आणि प्रत्यक्ष वागणूक या दोन्हींची बाहेरच्या माणसांकडून चौकशी करवील आणि अहवाल जाहीर करील, असे कलम प्रत्येक संघाच्या करारात घालायला हवे. आणि त्या चौकशीत मालकाचे इतर धंदेही आले पाहिजेत: त्याच्या कारखान्यात कोणाला कामावर घेतले जाते, आणि त्याच्या इमारतींत कोणाला घर मिळते.