पलंगाखालची जागा

नेदरलँड्समधील युट्रेख्ट शहरात आमच्या घरी बाळ येणार असे कळवल्यावर आनंद ओसरताच साताऱ्याहून आईने विचारले, "अगं, तान्हं बाळ आणि बोका एका घरात? थोडे दिवस कुणाकडे तरी ठेव त्याला." तांबू चार वर्षे आमच्याकडे आहे. त्याला परक्या घरी पाठवून परत आणायचे म्हणजे त्याचे घर दोनदा हिरावून घेणे, असे मला वाटत होते. मांजर आपले घर वासाने ओळखते. दाराच्या चौकटीला आणि खुर्चीच्या पायाला गाल घासून ते आपली खूण ठेवत असते. तेव्हा जे बदलायचे ते बाळ येण्याआधी आणि थोडे थोडे बदलायचे, असे आम्ही ठरवले.

पहिला बदल मलपात्राचा होता. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि गर्भारपणात तो बाळाला अपायकारक ठरू शकतो, म्हणून ते काम नवऱ्याने घेतले. विष्ठा बाहेर पडल्यावर हा परजीवी संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची स्वच्छता फार महत्त्वाची असते. मात्र हा धोका केवळ मांजरापासून नसतो. प्रसूतिसेविकेने मला बागेतील माती हातमोज्यांशिवाय हाताळू नको आणि कच्चे मांस खाऊ नको असेही बजावले होते; पावावर लावायचे 'फिले अमेरिकेन' येथे सर्रास खाल्ले जाते आणि ते कच्च्या गोमांसाचे असते.

दुसरा बदल नेदरलँड्सच्या पद्धतीमुळे आपोआप घडला. येथे बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस प्रशिक्षित सेविका घरी येते. या व्यवस्थेला 'क्रामझोर्ख' म्हणतात. तिला वाकून काम करावे लागू नये म्हणून पलंग ७० ते ८० सेंटिमीटर उंच असावा लागतो, आणि त्यासाठी पायांखाली ठोकळे लावतात. आम्ही ते सदतिसाव्या आठवड्याच्या आधीच लावले. तांबू दोन दिवस पलंगाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र खालच्या मोकळ्या जागेत माझी जुनी शाल अंथरलेली पाहून तो तेथे जाऊन झोपला. पुढे घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली तेव्हा हीच जागा त्याचा आसरा ठरली. तेथून त्याला कुणीही ओढून काढायचे नाही, हा नियम साताऱ्याहून आलेल्या आईनेही पाळला.

बाळ रुग्णालयातून घरी येण्याआधी नवऱ्याने त्याचे टोपडे आणून जमिनीवर ठेवले. तांबूच्या नाकाशी ते नेले नाही. त्याने स्वतःहून येऊन हुंगले आणि तो निघून गेला. पहिल्या रडण्याने तो दचकला, परंतु आम्ही त्याला रागावलो नाही आणि जवळही ओढले नाही.

खरी काळजी पाळण्याची होती. येथे बाळाचे अंथरूण गरम ठेवण्यासाठी धातूची, गरम पाण्याने भरलेली बाटली, म्हणजे 'क्राउक', वापरतात. ती बाळापासून वीतभर दूर, झाकण पायथ्याकडे करून ठेवायची असते. ऊब म्हटली की मांजर तेथे येणारच, आणि तान्ह्या बाळाला तोंडाजवळ आलेले मांजर बाजूला सारता येत नाही. म्हणून बाळ झोपले की खोलीचे दार बंद, आणि दोघांना एकत्र कधीही एकटे सोडायचे नाही. पाळण्यावर जाळी लावण्याचा विचार मी सोडून दिला, कारण मांजर तिच्यावर बसले तर ती खाली झुकते.

सेविकेची एक सूचना मला विशेष पटली: तांबूशी खेळायचे ते बाळ जागे असताना आणि जवळ असताना. आम्ही त्याला फक्त बाळ झोपल्यावर वेळ देत होतो. त्यामुळे बाळ दिसले की आपल्याकडे दुर्लक्ष होते, असेच त्याला शिकवत होतो. त्यानंतर मी बाळाला पाजत बसले की आई दोरीला बांधलेले पीस तांबूसमोर हलवू लागली. तिचा तीन महिन्यांचा व्हिसा संपेपर्यंत तांबू तिच्या पायाशी झोपू लागला होता.

आता पलंगाचे ठोकळे परत गेले आहेत आणि तांबूची शाल खिडकीजवळच्या उंच फळीवर आहे. बाळ लवकरच रांगू लागेल, म्हणून तांबूच्या खाण्याची वाटीही रोज थोडी थोडी सरकवत आम्ही तिकडेच नेत आहोत.