डॉजचं दार

दाराच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर थेट आरपार. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेला आमचा जुना डॉज ट्रक. वरून रंग चकाचक, आत गंजाचा भुगा आणि बोटभर पुट्टी.

पत्रा ठोकून सरळ करणारे डेंटरमामा हातोडीने टकटक करत पुढे सरकत होते. "ऐक. इथे पत्रा बोलतो. इथे मुका झालाय."

दारातलं पाणी बाहेर जायची भोकंच आधी कुणीतरी रंगाने बुजवलेली. पावसाळ्यात दारात पाणी साचणार, वर आपली खारी हवा. पत्रा आतूनच सडणार ना! विकताना मात्र ट्रक झकास दिसला असेल.

आपल्या सोसायट्यांचं तरी वेगळं काय? गळती तशीच, बाहेरून रंग नवा.

सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचाय. मामा म्हणतात, अख्खं दारच बदल. मला जुनंच हवंय. कुणी केलंय असं?