नाव फर्नांदोचं, चेहरा वडिलांचा

स्पेनच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांचा विषय निघाला की लोक आधी बुडालेल्या जहाजांबद्दल विचारतात. 1715 साली फ्लोरिडाजवळ वादळात बुडालेल्या ताफ्यातली नाणी अजूनही सापडतात, हे खरंच आहे. पण माझा जीव रमतो तो नाव एका राजाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असलेल्या एस्कुदोंमध्ये, म्हणजे स्पेनच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांमध्ये.

स्पेनचा राजा कार्लोस तिसरा डिसेंबर 1788 मध्ये वारला. बातमी समुद्रापार अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींत पोचली, पण नव्या राजाची छबी यायला वेळ लागणार होता. तोवर मेक्सिकोच्या टांकसाळीने नाव चौथ्या कार्लोसचं घातलं आणि चेहरा त्याच्या वारलेल्या वडिलांचाच ठेवला.

1808 ची गोष्ट तर मला फारच भिडते. मार्चमध्ये चौथ्या कार्लोसचा मुलगा फर्नांदो सातवा गादीवर आला. मे महिन्यात नेपोलियनने फ्रान्समधल्या बायोनमध्ये त्याला राज्य सोडायला लावलं आणि पुढची काही वर्षं फ्रान्समध्ये नजरकैदेत ठेवलं. इकडे माद्रिदमध्ये नेपोलियनचा भाऊ जोसेफ याच्या नावाने 80 रेआल किमतीची सोन्याची नाणी पडत होती. अमेरिकेतल्या टांकसाळी मात्र कैदेतल्या राजाचंच नाव छापत राहिल्या. त्याची छबी हाताशी नव्हती, म्हणून मेक्सिकोने कल्पनेनेच एक चिलखतधारी फर्नांदो घडवला. आजच्या कोलंबियातल्या पोपायान आणि बोगोटाच्या टांकसाळींनी ती खटपटही केली नाही. चौथ्या कार्लोसचा मुखवटा तसाच ठेवून भोवती फर्नांदोचं नाव कोरलं, आणि राजा सुटून परतल्यावरही तेच चालू ठेवलं! माझ्या मते त्या काळातली राजनिष्ठा आणि अंतर, दोन्ही इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा पुरावा नाही.

आठ एस्कुदोंचं नाणं 27 ग्रॅमचं, देखणं, पण महाग. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पोपायानचा एक एस्कुदो बघावा. वजन जेमतेम 3.4 ग्रॅम, टांकसाळीची खूण 'पी'. सोन्याचा कस हजारात 875 भरतो, कारण 1786 मध्ये स्पेनने तो गाजावाजा न करता उतरवला होता. विकत घेताना राजाच्या डोक्यावरची कड भिंगाखाली जरूर तपासा. ही नाणी दागिन्यांत फार वापरली गेली आणि काढलेल्या कडीचा डाग तिथेच सापडतो. घासून पुसलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा मी झिजलेलं पण न छेडलेलं नाणं केव्हाही घेईन.

सध्या मी 'एनआर' खुणेचा, म्हणजे बोगोटाचा, 1808 नंतरचा दोन एस्कुदो शोधतोय. कार्लोसच्या नाकाचा उठाव शाबूत असलेला मिळाला तर फोटो नक्की टाकेन.