तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी कुठे उभी होती?

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या आसपास ज्या घरातला कर्ता पुरुष दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, त्या घरातली बाई कधी ना कधी मला गाठते आणि विचारते, "काकू, हे म्हणतात आता स्वतःची गाडी घेतो. घेऊ द्यावी का? लेकरांचं कसं होईल?" दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढत आहे.

आमच्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात. माझे मालक नऊ वर्षे एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि २०१२ साली आम्ही २००७ च्या मॉडेलची दहा टायरी गाडी जुनी घेतली. किंमत ९ लाख ठरली. अडीच लाख रोख भरले, त्यात माझ्या पाटल्या गेल्या, आणि उरलेल्या साडेसहा लाखांचे फायनान्स साडेतीन वर्षांसाठी, महिना २०,३०० रुपये हप्त्याने झाले. कागदपत्रांच्या सोयीसाठी गाडी माझ्या नावावर घेतली गेली, त्यामुळे मालक गाडीचे ड्रायव्हरच राहिले आणि मालकीण मी झाले. यावर घरात पुष्कळ हसून झाले, परंतु विमा, पासिंग (आरटीओची गाडी-तपासणी), परवाना यांच्या मुदती आणि त्या चुकल्यास येणारी प्रत्येक नोटीस आता माझ्या नावाने येणार आहे, हे मला पहिल्या वर्षी पुरते समजले नव्हते.

दुसऱ्याची गाडी सोडून स्वतःची घेतली की ड्रायव्हरचा मालक होतो, असे सगळे समजतात. घराचे ऑफिस होते, हे कोणी सांगत नाही. भाडे ठरले की दलाल काही रक्कम आगाऊ देतो आणि बाकी माल उतरल्यानंतर, शिक्का मारलेली पोच त्याच्या हातात पडल्यावर देतो. ती पोच कुरिअरने मागवणे, दलालाकडे पोचवणे, मग बाकीसाठी आठ-पंधरा दिवस फोन करत राहणे, हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे आहेत की नाहीत हे पाहणे, ही सगळी कामे माझ्याकडे आली. शेठकडे असताना मी ड्रायव्हरची बायको होते. गाडी घेतल्यावर मी बिनपगारी मुनीम झाले. जिला हे काम जमणार नाही, किंवा जिच्यावर नोकरी, शेती आणि म्हातारी माणसे यांचा भार आधीच आहे, तिने हे गाडी घेण्याआधी स्पष्ट बोलावे, कारण नंतर बोलून उपयोग नसतो.

रजेचेही तसेच झाले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू असे आणि रस्त्यावर ती कितपत पाळली जात होती हे सर्वांना माहीत आहे. तरीही शेठशी भांडून, आजाराचे निमित्त सांगून, प्रसंगी नोकरी सोडण्याची धमकी देऊन मालक दिवाळीला घरी येत असत. स्वतःची गाडी आल्यावर भांडायला समोर कोणी उरलेच नाही. हप्ता हाच शेठ झाला आणि त्याच्याकडे रजेचा अर्ज चालत नव्हता.

आता वहीविषयी सांगते, कारण माझे खरे उत्तर तिच्यात आहे. दोनशे पानी लांब वहीत मी डिझेल, टोल, टायर, ग्रीस, हमाली, भत्ता असे रकाने आखले होते. गाडी चालली नाही तरी हप्ता थांबत नाही, म्हणून 'गाडी उभी' असा एक रकाना ठेवला आणि त्याखाली तारखा लिहू लागले. वर्ष संपल्यावर लक्षात आले की तोट्याच्या या रकान्यातल्या काही तारखा आमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या तारखा होत्या. मुलीचा वाढदिवस, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, वेळा अमावस्येला सगळ्यांनी मिळून शेतात केलेले जेवण, हे सगळे तोट्यात जमा झाले होते. म्हणून पुढच्या वर्षापासून मी त्या रकान्याचे दोन भाग केले, 'उभी, घरी' आणि 'उभी, बाहेर'. २०१३ चा हिशोब असा निघाला: गाडी २१४ दिवस चालली, ५२ दिवस घरी उभी होती आणि ९९ दिवस बाहेर कुठेतरी उभी होती.

त्या ९९ दिवसांनी मला या धंद्यातले जे काही कळायचे ते कळले. आम्ही तेव्हा लांबच्या लाईनला होतो. लातूरहून डाळ भरायची आणि चेन्नई किंवा कोलकात्याला उतरवायची. भरलेली दहा टायरी लिटरमागे चार किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे चेन्नईचे जाणे-येणे धरले तर साडेचारशे लिटरहून अधिक डिझेल लागते. जातानाचे भाडे बहुतेक डिझेल, टोल आणि वाटखर्चीतच संपत असे, कमाई व्हायची ती परतीच्या भाड्यात. ते मिळाल्याशिवाय रिकामी गाडी घेऊन परत येणे परवडत नाही, म्हणून माणूस तिथेच थांबतो. एका पावसाळ्यात एका गोदामाच्या फाटकाबाहेर मालक चार दिवस भरलेली गाडी घेऊन उभे होते. हमाल नाहीत, नंबर लागला नाही, साहेब सुट्टीवर आहेत, अशी रोज नवी कारणे मिळत होती. ताडपत्रीखाली पाणी शिरू नये म्हणून रात्री दोनदा उठून रस्से आवळावे लागत. त्या चार दिवसांची भरपाई मिळाली नाही, उलट उतरवताना वाराईचे, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीचे, पैसे आमच्याच भाड्यातून कापले गेले. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही घोषणा वाहतूकदार वर्षानुवर्षे देत आले आहेत, फाटकापाशी मात्र ती कोणी ऐकत नाही. त्याच आठवड्यात आमची मुलगी तापाने दवाखान्यात होती. गाडी चालत असती तर मी मनाची समजूत घातली असती. माणूस कमावतही नाही आणि घरीही नाही, हे मात्र सहन होत नाही.

परतीचे भाडे नागपूर किंवा नांदेडकडून मिळाले आणि माल सोलापूर-कोल्हापूरकडे जाणारा असला, तर गाडी औशावरूनच जात असे. मग मी डबा आणि मुलीला घेऊन महामार्गाला जाऊन थांबत असे. चासीला टांगलेल्या कॅनमधून मालक हात-तोंड धुवत आणि टूलबॉक्सवर बसून पिठलं-भाकरी खात. बापाजवळ राहायला काहीतरी काम हवे म्हणून मुलगी पेचकस घेऊन टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढत बसे. मागच्या आठ टायरांपैकी दोन-तीन झाले की निघायची वेळ होत असे. नवीन गाडीवाल्यांनी हेही लक्षात घ्यावे की आता ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, त्यामुळे वाटेत गाव लागले म्हणून एक दिवस मुक्काम करू, हा बेत मालाचे अंतर पाहूनच करावा लागतो.

२० जुलै २०१८ पासून मालवाहतूकदारांचा देशव्यापी संप झाला आणि तो आठ दिवस चालला. डिझेल, टोल, विम्याचा हप्ता अशा मागण्या होत्या. त्यात २३ तारखेला आषाढी एकादशी आली. गाडी घेतल्यापासून मालक आषाढीला प्रथमच घरी होते आणि मी भगर-आमटी सगळ्यांना एका पंगतीत वाढली. वहीत ते आठही दिवस 'उभी, घरी' या रकान्यात आहेत आणि त्या महिन्यात हातात काहीच पडले नाही. हप्ता २०१५ च्या शेवटीच फिटला होता, म्हणून हे गोड लागले. फिटायच्या आधी असा संप झाला असता, तर त्याच आठ दिवसांत आम्ही एकमेकांवर खेकसत बसलो असतो, याबद्दल मला शंका नाही.

संपानंतर काही महिन्यांनी आम्ही वही पुढे ठेवून बोललो आणि २०१९ पासून लांबची लाईन सोडून लातूर-हैदराबाद धरली. एकेरी अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, एका रात्रीचे. भाडे कमी, स्पर्धा जास्त आणि सरासरी महिन्याला चारेक हजार रुपये कमी पडू लागले. पण त्या वर्षी गाडी १८७ दिवस चालली, १२१ दिवस घरी होती आणि ५७ दिवस बाहेर उभी राहिली. चार हजारांत काय मिळाले, ते मला तोंडी सांगावे लागत नाही. पुढे २०२२ मध्ये गाडीला १५ वर्षे झाली. बहुअक्षी, म्हणजे आमच्यासारख्या दोनपेक्षा जास्त आसांच्या, गाडीला त्यानंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही, म्हणून आता ती महाराष्ट्रातच चालते, बहुतेक जालन्याहून सळई घेऊन.

तेव्हा गाडी घ्यावी का, याला माझे उत्तर असे आहे: सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले असतील तर घ्यावी, आणि नसतील तर शेठची नोकरी आणखी दोन वर्षे करावी. आयकरात छोट्या गाडीमालकांसाठी अंदाजित उत्पन्नाची जी सोय आहे, तीही १२ टनांवरील गाडीला टनामागे महिना १,००० रुपये धरते, म्हणजे आमच्या २५ टनी गाडीला २५,००० रुपये, मग त्या महिन्यात ती चालो की उभी राहो. सरकारच उभ्या गाडीची कमाई धरते, तर हप्तेवाल्याकडून वेगळी अपेक्षा कशाला ठेवावी? दुसरे म्हणजे, कोणते मॉडेल घेणार याआधी कोणत्या लाईनला चालवणार, हे नवऱ्याला विचारावे. मॉडेलवर पुरुष तासन् तास बोलतात, लाईनविषयी मात्र 'बघू, भाडं मिळेल तिकडं' एवढेच म्हणतात. तुमच्या लेकरांचा बाप किती रात्री घरी असेल हे त्या 'बघू'वर ठरणार असते, म्हणून त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाटल्या काढून देऊ नयेत.

मी हे लिहीत असताना मालक जालन्यात माल भरण्यासाठी थांबले आहेत. दुपारी दोन वाजता त्यांचा नंबर अकरावा होता. आजची तारीख कोणत्या रकान्यात लिहायची, ते रात्री कळेल.